जड खाली, हलकं वर

माझा धाकटा भाऊ ज्या जहाजावर होता, त्या जहाजावरचा माल मी धुळ्यात बसून लावला होता. एवढं एक वाक्य सरळ लिहायला मला कित्येक महिने लागले. मधल्या काळात मी ते बऱ्याच तऱ्हांनी लिहून पाहिलं. "माल लावण्यात आला", "काही बदल करण्यात आले" असं. ऑफिसच्या भाषेत माणसाला लपायला भरपूर जागा असते.

धुळ्यात समुद्र कुठून आला, असं लोक विचारतात आणि हसतात. समुद्र मीही पाहिलेला नाही. पांझरेला पूर आला तेव्हा पुलावर उभं राहून पाहिलं, तेच माझं सगळ्यात मोठं पाणी. जळगावला इंजिनिअरिंग केलं, पुण्याला एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात लागले, लॉकडाऊनमध्ये घरी आले ती परत गेलेच नाही. गच्चीला लागून असलेल्या खोलीत दोन स्क्रीन, एक इन्व्हर्टर, एक कुरकुरणारी खुर्ची. तिथे बसून मी चारशे मीटर लांब आणि साठ मीटर रुंद जहाजं भरते. शेजारच्या काकूंना अजूनही वाटतं की मी कसलातरी व्हिडिओ गेम खेळते आणि त्याचा मला पगार मिळतो.

अशा जहाजावर वीस हजारांच्या वर कंटेनर मावतात, आम्ही त्यांना डबे म्हणतो. अर्धे पोटात, अर्धे डेकवर. पोटातल्या डब्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी खाचा असतात, ते जागचे हलत नाहीत. काळजी डेकवरच्यांची. तिथे एकावर एक दहा-दहा डबे रचतात आणि अशा चोवीस रांगा शेजारी शेजारी उभ्या असतात. खालच्या काही डब्यांना लोखंडी रॉड आवळून बांधतात, त्याला लॅशिंग म्हणतात. त्याच्या वरच्या डब्यांना फक्त चार कोपऱ्यांतली चार कुलपं. कोणता डबा कुठल्या बंदरात उतरणार, कशात काय आहे, कुणाचं वजन किती, हे सगळं पाहून प्रत्येकाची जागा मी ठरवायची.

हे काम घरात फक्त आबांना कळलं. आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं धुळ्याच्या मार्केटमध्ये हमालांच्या टोळीचे मुकादम होते. कापसाच्या गाठी, मिरचीची पोती, मका, कांदा. ट्रक कसा भरायचा, हे त्यांच्या टोळीकडून शिकावं असं व्यापारीसुद्धा म्हणायचे. मी कागदावर जहाज काढून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाई तं ट्रकच शे. मोठा शे, बस. जड खाले, हलकं वर. दुसरं काय शे त्यामा?"

मी लहानपणापासून हे ऐकत आले होते. जड खाली, हलकं वर. नाहीतर लळिंगच्या घाटात वळणावर गाडी आडवी होते.

आणि गाडी आडवी झाली तर काय करायचं, तेही मी पाहिलेलं होतं. आबांच्या टोळीत एक रीत होती. त्यांनी भरलेला ट्रक उलटला आणि कुणाला काही झालं, तर मुकादमाने ड्रायव्हरच्या घरी जायचं. चूक कुणाची, रस्ता खराब होता का, ब्रेक लागला नाही का, असलं काही बोलायचं नाही. दारात उभं राहून सांगायचं की माल मी भरला होता. आबांवर ही वेळ एकदाच आली. मी सहावी-सातवीत असेन. दोंडाईच्याला एका घरी ते मला बरोबर घेऊन गेले. घरातली बाई ओट्यावर बसली होती. आबांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "अक्का, माल मी भरेल व्हता." ती बाई त्यांना जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. आबा मान खाली घालून सगळं ऐकत उभे राहिले. परतताना एसटीत मी विचारलं, आबा, तुमची चूक होती का? ते म्हणाले, "माहीत नही. पन माल मीच भरेल व्हता ना."

माझा भाऊ मर्चंट नेव्हीत गेला, तिसरा अधिकारी झाला, आणि योगायोग असा की आमच्याच कंपनीच्या एका जहाजावर त्याला पाठवलं. युरोपातून आशियाकडे येणारं. ज्या मार्गावरच्या जहाजांचं काम माझ्याकडे होतं, त्यातलंच. मी त्याला चिडवलं, की आता तुझ्या डोक्यावर काय ठेवायचं ते माझ्या हातात आहे, नीट वाग. तो म्हणाला, "तू तं बठ्ठं आयुष्य मन्हा डोकावरच बशेल शे."

युरोपातलं शेवटचं बंदर सोडायच्या आधी माझ्या हातात जो प्लॅन आला, तो दुसऱ्या एका सहकाऱ्याने केला होता. मी पाहिला आणि माझं डोकं फिरलं. जड डबे त्याने डेकवर, वरच्या मजल्यांवर ठेवले होते आणि पोटात रिकामे. मी मनात त्याला दोन-तीन शेलक्या शिव्या घातल्या. एखादं दुसरं जहाज असतं तर मी तो प्लॅन तसाच जाऊ दिला असता. नियमात बसत होता, स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. पण या जहाजावर माझा भाऊ होता. मी दुपारभर बसून तो प्लॅन उलटापालटा केला. जड सगळं खाली नेलं, रिकामे डबे वर आणले. जहाजाच्या तोलाचा हिशोब पुन्हा केला, तर जहाज आधीपेक्षा कितीतरी स्थिर झालं होतं. लॅशिंगचा हिशोब मात्र मी पुन्हा केला नाही. त्याला वेळ लागतो, जहाज सुटायला थोडाच वेळ उरला होता, आणि वजन तर मी खालीच नेलं होतं, मग वर तुटणार काय, असं मला वाटलं. "लॅशिंग तपासले" या चौकटीत मी खूण केली. जहाजावरच्या चीफ ऑफिसरने विचारलंही, की तोल जरा जास्तच कडक झालाय, पाहिलंत ना? मी कळवलं, पाहिलंय, उलट आता जास्त सुरक्षित आहे.

त्या दिवशी मी खाली जाऊन आबांना सांगितलं, की आज तुमच्या पद्धतीने जहाज भरलं. ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून चहा ठेवला. आई गेल्यापासून चहा तेच करतात, पण तेव्हा दोनदा साखर घातली.

माझी चूक काय होती ते आता सांगते. कारण ती फक्त ट्रक भरणाऱ्याची पोरच करू शकते. जत्रेत एक बाहुली मिळायची, बुडाशी जड आणि वर पोकळ. ढकलली की पडत नाही, ताडकन उभी राहते. बाहुलीचं ठीक आहे. पण त्या बाहुलीच्या डोक्यावर दहा काडेपेट्या रचून तिला ढकलून पाहा. जहाज खूप तळाशी जड झालं की ते झुकल्यावर सावकाश परत येत नाही, हिसका देऊन येतं. ते बुडत नाही, पण वरचे डबे झटक्याने फेकू लागतं. रॉड तुटतात, कुलपं उखडतात. म्हणून जाणकार माणूस मुद्दाम थोडं वजन वर ठेवतो. माझा सहकारी जाणकार होता. हे मी शिकले नव्हते असं नाही. शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या दुपारी माझ्या हातात पुस्तक नव्हतं, आबा होते.

तांबड्या समुद्राची वाट त्या वेळी जहाजांवरच्या हल्ल्यांमुळे बंद असल्यासारखीच होती, म्हणून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती. ते जहाज खाली दक्षिणेकडे पोचलं तेव्हा एका सकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा चेहरा स्क्रीनवर डावी-उजवीकडे जात होता.

"अक्का, हाई जहाज फार झटका मारी ऱ्हायनं. चहाना कप टेबलवर ठरत नही."

"तुन्हं पोट खराब व्हयी, जहाजले काब्र नाव ठेवस?" मी म्हटलं.

तो हसला नाही. म्हणाला, "मी घड्याळ लायीसन दखं. झुकीसन परत येवाले चौदा सेकंद. इतलं मोठं जहाज, त्याले दुप्पट तरी लागाले पायजे."

तो आकडा मी समोरच्या कागदावर लिहून घेतला. त्याला म्हटलं, नंतर बोलते. फोन ठेवला आणि जो हिशोब मी केला नव्हता तो करायला बसले. दहा वाजता स्क्रीनवर उत्तर आलं. डेकवरच्या रांगांच्या रांगा लाल.

आता जे सांगायचं आहे, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी लगेच जहाजाला कळवलं नाही. मी पाच तास बसून राहिले. नोकरी जाईल, हे पहिलं मनात आलं. भाऊ दुसरा. मी तो हिशोब परत केला, परत लाल आला. हवामान पाहिलं, समुद्र तेव्हा शांत होता, वादळ पुढे होतं. कदाचित बाजूने निघून जाईल, असं स्वतःला सांगितलं. आबांनी जेवायला हाक मारली, मी जाऊन जेवले. भाकरी आणि शेवभाजी. चव अजून आठवते आणि अजून नकोशी होते. तीन वाजता मी साहेबांना आणि कॅप्टनला ईमेल केली, की लॅशिंगवर प्रमाणाबाहेर ताण येतोय, वेग कमी करा, दिशा बदला.

कॅप्टनचं उत्तर दोन ओळींचं होतं. समुद्र खवळला आहे, वेग कमी केला आहे. तुमच्या सूचनेनुसार लॅशिंग तपासायला माणसं डेकवर पाठवतो आहे.

तसं मी लिहिलंच नव्हतं. पण लॅशिंगवर ताण आहे म्हटल्यावर दुसरं कोण काय करेल? दहा वाजता लिहिलं असतं तर शांत समुद्रात जाऊन ते रॉड आवळून आले असते.

संध्याकाळी ऑफिसची ईमेल आली. डेकवरचे डबे कोसळले, काही समुद्रात पडले. एक कर्मचारी बेपत्ता. नाव नाही. खाली सूचना होती, की सर्व फाइली जशाच्या तशा ठेवाव्यात आणि या विषयावर कुणाशीही, घरच्यांशीही, बोलू नये.

मी भावाला फोन लावला. लागला नाही. मेसेजवर एकच खूण येत होती, दुसरी येत नव्हती. अपघात झाला की कंपनी जहाजावरच्या लोकांचं इंटरनेट बंद करते, हे मला माहीत होतं. तरी मी लावत राहिले. साहेबांना विचारलं, बेपत्ता कोण आहे? ते म्हणाले, कुटुंबाला कळवल्याशिवाय नाव सांगता येत नाही. मी म्हटलं, मीच कुटुंब आहे. ते म्हणाले, तू सध्या रजा घे. मला त्या माणसाचा गळा दाबावासा वाटला. मग वाटलं, हा सांगत नाही म्हणजे तोच असणार. कुटुंबाला कळवायचं म्हणजे आबांचाच नंबर. त्यानंतर खाली आबांचा फोन वाजला की मी जिन्यात येऊन उभी राहायची. एकदा गॅस एजन्सीचा होता. एकदा कुणाच्या तरी साखरपुड्याचं आमंत्रण.

आबांना मी सांगितलं होतं, की त्याचं नेट बंद आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते एरवी वर येत नाहीत. हातात मोबाइल होता. कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. प्रचंड जहाज, आणि डेकवरचे डबे एका बाजूला कलंडलेले, चिरडलेले.

"हाई त्यानं जहाज शे का वं?"

मी मान डोलावली.

ते खुर्चीत बसले. तो व्हिडिओ त्यांनी पुन्हा एकदा लावून पाहिला. मग म्हणाले, "तूच भरेल व्हतं ना? जड खाले ठेवेल व्हतं ना?"

"हो, आबा."

"मंग त्याले काय व्हवाव नही," ते म्हणाले. आणि खरंच निश्चिंत होऊन, एकेक पायरी धरत खाली गेले. मी दार लावून घेतलं आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. अनोळखी नंबरवरून, जेमतेम एक मिनिट. "अक्का, मी ठीक शे. आबाले सांग." मग आवाज फुटला. "आमना बोसन गया."

बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. कॅप्टनने माणसं पाठवायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, आधी मी पाहून येतो. दोन पोरांना दारात थांबवलं आणि एकटा पुढे गेला. भाऊ वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, ड्युटीला होता, त्याने काचेतून पाहिलं. रांग कोसळली आणि तो होता तिथे काही उरलं नाही.

माझा भाऊ जिवंत होता. मला आनंद झाला. आतून उसळलेला, हावरा आनंद. तो बोसनचं सांगत असतानाच झाला होता, हेही मी लिहून ठेवते.

चौकशी झाली. मी साहेबांना फोनवर सगळं सांगितलं, ती खूण, ते पाच तास. ते म्हणाले, शेवटची जबाबदारी कॅप्टनची असते, वादळ मोठं होतं, तू लेखी काहीही देऊ नकोस. मी दिलं नाही. अहवालात कारण आलं ते वादळ. मी परत त्याच खुर्चीत बसून जहाजं भरायला लागले. जड डबा हातात आला की बोटं थांबायची.

भाऊ तीन महिन्यांनी घरी आला. आबांनी पौर्णिमेला विहारात खीरदान ठेवलं. वंदना झाली, वस्तीतले सगळे खीर घेऊन सतरंजीवर बसले. आबा मधोमध उभे राहिले. भाषण त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. म्हणाले, "मन्हा पोऱ्या समुद्रमाईन परत उना, ते मन्ही पोरमुळे. तिनं माल बराबर भरेल व्हता, म्हनीसन जहाज बुडनं नही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या भावाने खिरीची वाटी खाली ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो अधिकारी होता, बंदर सोडताना बदललेला प्लॅन त्याने पाहिला होता. त्याला पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

घरी आल्यावर मी आबांना सांगितलं. बाहुलीचं उदाहरण देऊन, कागदावर काढून, सगळं. पाच तासही सांगितले. भाऊ दारात उभा होता. आबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी तो कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"मंग मी तुले चुकीचं शिकाडं?"

हाच प्रश्न येऊ नये म्हणून मी इतके महिने गप्प होते. मी म्हटलं, "नही, आबा. ट्रकले ते बराबरच शे."

"मी तुले इचारं तवय तू हो सांगं."

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग भावाकडे वळले. "तो मुकादम. त्याना घर कोन कोन शे?"

"बायको. दोन पोरी," भाऊ म्हणाला.

"त्यासले कोन सांगं?"

"कंपनीनं. वादळ व्हतं म्हनीसन."

"गाव कोठे शे?"

"लांब शे, आबा. समुद्रना पल्ल्याड. बेटवर. जाता येवाव नही."

आबा उठले. मला वाटलं, झोपायला चालले. ते खुंटीपाशी गेले, टोपी काढून डोक्यावर घातली आणि परत येऊन माझ्यासमोर बसले. मग ती काढून मांडीवर ठेवली. दोंडाईच्याच्या त्या ओट्यासमोर धरली होती तशीच, दोन्ही हातांनी.

"जाता येत नही तं लिख," ते म्हणाले. "त्यासनी भाषामा लिख. वादळनं लिखू नको, ते त्यासले माहीत शे. दारमा उभं राहीसन जे सांगतस, पहिले तेच लिख."

भाऊ दारातून म्हणाला, "अक्का, नोकरी जाई. केस बी व्हई शकस."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या हाताकडे पाहत होते. मी वही ओढली. पत्ता भावाने सांगितला, दोनदा चुकला, दोनदा दुरुस्त केला. त्यांची भाषा मला येत नव्हती, म्हणून मी इंग्रजीत पहिली ओळ लिहिली, आणि आबा म्हणाले, वाच. मी मराठीत वाचून दाखवली.

बाई, माल मी भरला होता.